श्री. बडीसाहेब, मुक्काम नाशिक, यांस अनावृत पत्र

यशवंतपूर, बेंगळुरू
रुजू झाल्याचा ४१ वा दिवस

श्री. बडीसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली भेट होत नाही.

कंपनीच्या दप्तरी आपण माझे बडी आहात. नेमणुकीच्या पत्रात पगाराच्या आकड्याखाली ठळक अक्षरांत आपलं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, की पहिले ९० दिवस हे गृहस्थ तुमच्या सोबत राहतील. मिरजेला आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बडी म्हणजे बडीशेपेतली का रे?" तेव्हा हसलो. आता वाटतं, म्हातारीला बरोबर कळलं होतं. बडीशेपही सगळं उरकल्यावरच पुढे येते.

आपण संपर्कात नाही, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आपला संदेश येतो : "हाय ब्रो, ऑल गुड?" माझं वय ४८. थोरला मुलगा आपल्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल. पण कंपनीत सगळे सारखे, तेव्हा ब्रो तर ब्रो. पहिल्या सोमवारी मी भाबडेपणानं सविस्तर लिहिलं : ओळखपत्रानं दार उघडत नाही, खुर्ची मिळाली पण टेबल नाही, आणि बिलं तपासायच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुणाकडे मागायचा? पाच मिनिटांत उत्तर आलं. वर केलेला अंगठा. चौथ्या सोमवारी ऑफिसला सुट्टी होती, तरी नऊच्या ठोक्याला आपण हजर. तेव्हा उमगलं, की हा संदेश आपण पाठवत नाही. तो लावून ठेवलेला आहे, गजरासारखा.

बाराव्या दिवशी धीर करून विचारलं, "खाली कॉफी घ्यायची का?" आपण म्हणालात, "ब्रो, मी नाशिकला असतो. परमनंट वर्क फ्रॉम होम." एचआरकडे चौकशी केली. तिथल्या मुलीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की दोघंही मराठी म्हणून मुद्दाम जोडी जुळवली. आमच्याकडे पत्रिका जुळवताना निदान गण आणि नाडी तरी बघतात. इथे आडनावावर भागलं.

नाशिक आणि यशवंतपूर यांचं नातं तसं जुनं आहे. ऑफिसपासून जवळच इथलं एपीएमसी यार्ड आहे. हंगामात तिथे आपल्या नाशिक-नगरकडचा कांदा ट्रकनं येतो. त्याला वाट सापडते, वजनकाटा सापडतो, गिऱ्हाईकही सापडतं. एकटे आपणच तेवढे पोचत नाही.

आपल्या गैरहजेरीत कामकाज कसं चाललं आहे, त्याचा अहवाल सादर करतो.

दारावरच्या सिक्युरिटीत एक अण्णा आहेत, विजापूरकडचे. मराठी समजतं, अडलं तर बोलतातही. ओळखपत्राचा अर्ज तिसऱ्या मजल्यावर, पण सही पाचव्यावर, हे त्यांनी सांगितलं. मेट्रोत झोप लागून मी सोप फॅक्टरीलाच उतरलो, त्या दिवशी "साबणाच्या पुढचं स्टेशन आपलं" ही खूणही त्यांचीच. तो कारखाना म्हणजे १९१६ पासूनच्या म्हैसूर सँडलचा, हे वर फुकट. पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो मला "ऊट आय्ता?" विचारायचा. जेवण झालं का, एवढा अर्थ मी लावला आणि हे आमंत्रणच समजून तीन दिवस डबा न उघडता बसून राहिलो. अण्णांनी उलगडा केला : ही विचारपूस आहे, पंगत नव्हे. "आय्ता" म्हणायचं आणि पुढे चालायचं.

कॉफीचंही त्यांनीच शिकवलं. इथे एक कॉफी मागवून दोन पेल्यांत वाटून घेतात, त्याला "वन बाय टू" म्हणतात. पैसे वाचतात हा भाग वेगळा. मुख्य अट अशी, की त्यासाठी समोर दुसरा माणूस लागतो.

बडीसाहेब, नवख्याला सोबत देण्याची रीत या गावाला नवी नाही. १६३८ मध्ये बेंगळूर विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांचं ठाणं इथे झालं. पुढे राजांनी बाल शिवबांना इथून पुण्याच्या जहागिरीकडे धाडलं, तेव्हा बरोबर शामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस अशी कसलेली माणसं दिली. सभासदाच्या बखरीत ही नावं आहेत. ही मंडळी शिवबांबरोबर पुण्याला गेली. बेंगळुरात बसून त्यांनी खलित्यानं "ऑल गुड?" विचारल्याची नोंद बखरीत नाही.

अलीकडचा दाखला हवा असेल तर आपल्या स्वागताच्या ईमेलमध्येच आहे. मायक्रोसॉफ्टनं सुमारे ६०० नव्या कर्मचाऱ्यांना बडी देऊन पाहिले. पहिल्या ९० दिवसांत बडीला निदान एकदा भेटलेल्यांपैकी ५६ टक्के म्हणाले, की त्यामुळे लवकर कामाला लागलो. आठहून अधिक वेळा भेटलेल्यांत हेच प्रमाण ९७ टक्के निघालं. आकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या कंपनीनं ते ईमेलमध्ये रंगीत आलेख करून लावले आहेत. बडी नेमावा, एवढं त्यातून तिनं उचललं. भेटण्याचं कलम वाचायचं राहिलं असावं. भेटी शून्य झाल्या तर किती टक्के, तो रकाना आलेखात नाही. तिथे मला बसवावं, माझी हरकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बिलं तपासणं हे माझं काम, त्यामुळे दर शुक्रवारी आपली टाइमशीट माझ्या डोळ्यांखालून जाते. आपली माझी एवढीच भेट. तीत गिऱ्हाइकाच्या कामाला रकाना आहे, बैठकांना आहे, प्रशिक्षणाला आहे, आजारपणालाही आहे. बडीपणाला नाही. आपण माझ्यासाठी तास काढला, तर तो लिहायचा कुठे? आणि लिहिला नाही, तर आठवडा ३९ तासांचा भरतो आणि आपले साहेब आपल्याला विचारतात. मी पासवर्डवाचून आठवडाभर बसलो, त्याबद्दल आपल्याला कुणी विचारलं नाही. हे कळलं त्या शुक्रवारी माझा राग निम्म्यावर आला. उरलेला निम्मा कुणावर काढावा, ते ठरत नाही, म्हणून हे पत्र अनावृत.

परवा दुपारी यार्डात गेलो होतो. एक पोरगा हमालीला नवा लागलेला दिसत होता. दोघा जुन्यांनी पोत्याच्या कडा धरल्या, पोतं उचललं, तो खाली वाकला, आणि पाठीवर बरोबर बसेपर्यंत दोघांनी ते सोडलं नाही. पाय अडखळला तेव्हा एकानं शिवी दिली, दुसऱ्यानं टेकू दिला. तुम्ही कितीही ताकदवान असा, भरलेलं पोतं आपल्याच पाठीवर आपल्याला टाकता येत नाही. म्हणून तर आपल्याकडे म्हणतात, "जरा हात लावा."

आपल्या राज्यात माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. तिथे टोळीनं काम करायचं, मजुरी टोळीची, मग वाटणी. नवा माणूस पडला तर टोळीचीच मजुरी पडते. त्यामुळे त्याला शिकवण्यासाठी कुणाला गोड ईमेल पाठवावी लागत नाही. आपल्या कंपनीत मी पडलो तर मी एकटाच पडतो. आपला त्यात एक पैसाही जात नाही.

तेव्हा विनंती माझ्यासाठी नाही. माझे ४१ दिवस अण्णांनी निभावले, उरलेले ४९ ही निभावतील. पुढचा कुणी येईल त्याच्यासाठी टाइमशीटमध्ये एक ओळ वाढवून घ्या. नाव इंग्रजीत काहीही ठेवा. आठवड्याला एक तास, हात लावण्याचा.

कालच एचआरनं विचारलं, बडीला पाचपैकी किती गुण? मी पाच दिले. चार दिले असते तर कारण लिहायला चौकट उघडत होती, आणि तिच्यात दोनशेच अक्षरं मावतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ब्रो

ता. क. : आजच यार्डात नाशिकच्या पाटीचा ट्रक रिकामा होताना पाहिला. ड्रायव्हरच्या शेजारी एक जागा असते.