सिडला घरात घेताना

मार्च 2025 मध्ये गिम्पची 3.0 आवृत्ती आली आणि माझ्या लॅपटॉपवरची 2.10 एकाएकी डोळ्यांत खुपायला लागली. कालपर्यंत तिच्यातच मी मुंजीचे पिवळे पडलेले फोटो उजळवत होतो, तक्रार नव्हती. पण जग तीनवर आणि आपण दोनवर, हे कसं चालायचं? डेबियन या लिनक्सची स्थिर शाखा वापरणाऱ्याच्या नशिबी हे दुःख कायमचं. तेव्हा स्थिर होतं 2023 चं बुकवर्म, आणि स्थिर शाखेत सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नवलाई येत नाही. पुढचं ट्रिक्सी ऑगस्टमध्ये आलं, त्यात 3.0 होतंच. पण पाच महिने थांबेन तो मी कसला! 2002 च्या वुडीनंतर सार्जची लोकांनी जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिली म्हणे. त्यांच्या धीराला माझा लांबूनच नमस्कार.

बरं, मी शूरही नाही. सगळं यंत्र अनस्टेबलवर, म्हणजे नवं सगळं आधी जिथे येतं त्या शाखेवर, न्यायची छाती नाही. मला जोखीम हवी होती, पण वॉरंटीसकट. डेबियनमध्ये प्रोग्राम बसवणाऱ्या एप्टनं अशा लोकांसाठीच पिनिंगची सोय ठेवली आहे. सोर्सेसच्या यादीत अनस्टेबलची एक ओळ वाढवायची आणि प्रेफरन्सेस नावाच्या फाइलीत अग्रक्रमाचे आकडे घालायचे. काही लिहिलं नाही तर 500. अनस्टेबलला 100 दिले की ती कोपऱ्यात मुकाट बसते, नाव घेऊन बोलावल्याशिवाय सहसा पुढे येत नाही. हजार किंवा त्याहून जास्त दिलेत तर एप्ट बसवलेली आवृत्ती काढून जुनीसुद्धा परत आणतं. आणि ऋण आकडा दिलात तर ते पॅकेज उंबरठाच ओलांडत नाही. ही फाइल लिहिताना मला जे सुख मिळालं ते निव्वळ तांत्रिक नव्हतं, हे मान्य करतो. आमच्या नात्यात एक-दोघांना मी पूर्वीपासून मनात उणे एक देत आलो आहे. फक्त ते कुठे लिहून ठेवायचं हे माहीत नव्हतं.

या अनस्टेबलचं नाव सिड. आता इथे विषयांतर होणार, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

डेबियनच्या आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’मधली आहेत, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. 1996 ला बझ, मग रेक्स, बो, हॅम. 2000 साली चक्क पोटॅटो! गंभीर चेहऱ्याचे सिस्टिम अ‍ॅडमिन गंभीर कामांसाठी बटाटेराव चालवत होते, हे आठवलं की मला अजून बरं वाटतं. लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन. पण सिनेमातल्या रबरी पेंग्विनचा, व्हीझीचा, नंबर लागायला 2013 उजाडलं. सिड म्हणजे त्या सिनेमातलं शेजारचं कार्टं. खेळणी फोडणारं, बाहुलीचं डोकं भलत्याच धडावर बसवणारं. त्याचं नाव बदलत नाही, त्याची कधी स्थिर आवृत्ती निघत नाही. मला विचाराल तर सिनेमानं त्याच्यावर अन्याय केला. अहो, तो मोडतो, पण जोडतोही! अँडी काय, नीट खेळतो आणि शेल्फवर ठेवतो. खेळण्याच्या आत काय आहे हे त्या दोघांत फक्त सिडला ठाऊक. स्थिर आवृत्तीत आज जे काही सुखानं चाललंय ते बहुतेक कधी ना कधी या पोराच्या हाताखालून गेलेलं असतं.

तर मी सिडला हाक मारली. एका गिम्पसाठी एप्टनं जी यादी पुढे केली ती स्क्रीनभर होती, आणि तिच्यात सी लायब्ररीही होती, जिच्यावर बाकी सगळं उभं असतं. ‘चालू ठेवू का?’ असं विचारून ते थांबलं. एंटर दाबला. 3.0 आलं.

भाचा आला तेव्हा मी लॅपटॉप सहज उघडा ठेवला होता. हा मुलगा दिवसभर सर्व्हर सांभाळतो, पोट त्यावर आहे. त्याच्या स्वतःच्या मशीनवर बुकवर्मच.

‘‘मामा, नवीन काय आहे यात?’’

मी आवृत्तीचा आकडा सांगितला.

‘‘तो दिसतोय. नवीन काय आहे?’’

मी चहा टाकायला उठलो.

हसण्यावारी नेलं, पण माझ्यासारख्यांचा मला खरोखर राग येतो. पॅकेज आधी सिडमध्ये येतं, तिथे साधारण दोन ते दहा दिवस त्याच्यावर गंभीर तक्रार आली नाही, तर टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथे घडते तिथे, सरकतं. या व्यवस्थेला गृहीत आहे की वापरणारा बोलेल. जगभरातले हजाराच्या आसपास डेव्हलपर, बरेचसे पोटापाण्याचं काम संपवून रात्री बसणारे, त्याच बोलण्याची वाट बघत असतात. आणि आमची जमात आकडा मिरवते, प्रोग्राम कोसळला की पुन्हा उघडते, ‘उद्याच्या अपडेटमध्ये होईल नीट’ म्हणते. कोण करणार नीट? इयन मर्डॉकनं 1993 मध्ये, विद्यार्थी असताना, हे सगळं सुरू केलं आणि नावात आपल्या आधी डेब्राचं, तेव्हाच्या प्रेयसीचं नाव घातलं. पुढे त्यांचं लग्न झालं, मोडलंही. 2015 च्या डिसेंबरात तो गेला, बेचाळिसाव्या वर्षी. 2017 चं स्ट्रेच त्याला अर्पण केलं आहे. अनोळखी माणसं अजून त्या दोघांच्या नावाखाली फुकट राबतात, आणि मला कौतुक कशाचं, तर तीन मोठे की दोन.

रात्री ती प्रेफरन्सेसची फाइल पुन्हा उघडून बसलो होतो. हिनं खांद्यावरून डोकावून अग्रक्रम म्हणजे काय ते विचारलं, मी उत्साहानं समजावलं.

‘‘मग त्यात माझा आकडा किती?’’

‘‘नऊशे नव्वद,’’ मी म्हणालो. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

‘‘हजार का नाही?’’

हजाराला पोचलं की जुनं परत आणतात, हे मी तिला सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत नवा मिक्सर दुकानात परत पाठवून माळ्यावरचा जुना तिनं मलाच खाली काढायला लावला होता.