किलोमीटरमागे

तुमच्या सोसायटीतही एक असणारच. आमच्याकडच्यांना सगळे किलोमीटरकाका म्हणतात, आणि लिफ्टमध्ये ते शिरले की पाचव्या मजल्यावर राहणारी माणसंही दुसऱ्याला उतरून जिना धरतात.

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली त्या दिवशी पेढा तोंडात टाकत त्यांनी पहिला प्रश्न केला, "किलोमीटरमागे किती पडते?"

"काका, अजून नंबर प्लेटसुद्धा लागलेली नाही."

"म्हणजे हिशोब न करता घेतलीस." पेढा त्यांनी पुरता संपवला, पण चेहरा दहाव्याला आल्यासारखाच राहिला.

या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट किलोमीटरने भागल्याशिवाय कळत नाही. नव्वद रुपयांची मिसळ खायला सहा किलोमीटरची ये-जा झाली, की ती मिसळ किलोमीटरमागे पंधरा रुपयांची. कोल्हापूरला भाचीच्या लग्नाला जाऊन-येऊन ४६० किलोमीटर झाले आणि पाकिटात ५०१ होते. "किलोमीटरमागे एक रुपया नऊ पैसे आहेर," त्यांनी परतीच्या एसटीत जाहीर केलं, "आणि जेवणाची दोन पानं धरली तर आपणच फायद्यात." शेजारी बसलेल्या काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते थेट स्वारगेट येईपर्यंत.

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं त्यांनी ठरवलं ते २०२० साली. जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली आणि काकांनी लगेच आपल्या पार्किंगच्या भिंतीवर पंधरा अँपिअरचा पॉइंट बसवून घेतला. त्यावर पावसाचं पाणी येऊ नये म्हणून मेणकापड लावलं. गाडी तेवढी राहिली. कारण ऑगस्टमध्ये तीच गाडी महिना ४१,९०० रुपये भाड्यानेही मिळू लागली, विमा आणि देखभाल त्यातच. झालं. वहीत उभी रेघ ओढली गेली. डावीकडे 'भाड्याने', उजवीकडे 'विकत'. पाच-सहा वर्षांनी बॅटरी दमली तर ती कोणाच्या गळ्यात? डावीकडे एक खूण. तीन वर्षं पैसे भरून शेवटी हातात काय, किल्लीसुद्धा परत! उजवीकडे एक खूण.

मध्यंतरी सरकारनेही त्यांना ढकलून पाहिलं. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत आयकरात वजावट होती. हे कलम सोसायटीत सगळ्यांना काकांनीच समजावलं, दोघांनी त्यावर गाड्या घेतल्यादेखील. ३० मार्चच्या रात्री काकांच्या दिवाणखान्यातला दिवा दोनपर्यंत चालू होता. १ एप्रिलला ते म्हणाले, "बरं झालं. एक रकाना कमी झाला."

सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र त्यांच्यावर आभाळच कोसळलं. विंडसर नावाची गाडी आली : बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजार, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. किलोमीटरमागे! आयुष्यभर ज्या भाषेबद्दल टिंगल सोसली ती एका कंपनीने जाहिरातीत छापली होती. काका कात्रण घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. आनंद दोन दिवस टिकला. कारण गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने, म्हणजे वहीत तिसरा रकाना आला, आणि पहिल्या पानापासून सगळं पुन्हा.

"यांना शेवटी वैकुंठातली विद्युतदाहिनीच नेणार," काकू म्हणाल्या. "ती विकतही नाही नि भाड्यानेही नाही."

आता एक कबुली द्यायलाच हवी, आणि ती देताना मला फारसा आनंद होत नाहीये. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून येताना खेड शिवापूरला माझ्या गाडीत नऊ टक्के उरले आणि तिथला चार्जर बंद. रात्रीचे साडेअकरा. फोन कोणाला करणार?

"एसी बंद कर," पहिल्या रिंगला उचलून काका म्हणाले. "पन्नासच्या वर जाऊ नकोस. बोगद्यापर्यंत चढ आहे, तेवढा काढ. पलीकडे उतारावर पाय उचल, ब्रेक नको. मोटरच डायनमो होते, थोडं परत भरतं."

बोगद्याशी तीन टक्के होते. नवले पुलाशी चार. एकाचे चार झाल्यावरही माणूस इतका हरखत नाही. ज्याने आयुष्यात स्वतःची चारचाकी घेतली नाही, त्याने मला फोनवरून घरी आणलं. गेटवर लुंगी-बनियनमध्ये उभे होते. सोसायटीची परवानगी अडकल्यामुळे मी ऑफिसात चार्जिंग करायचो. काकांनी स्वतःच्या पॉइंटवरचं मेणकापड काढलं. नव्या कोऱ्या सॉकेटमध्ये प्लग बसेना. दोघांनी मिळून दाबला.

मग मीटरचा आकडा टिपायला त्यांनी वही उघडली ती उलट्या बाजूने. पहिल्या पानावर निळ्या-काळ्या शाईत वेगळंच अक्षर होतं. वर साल, १९७४. मध्ये उभी रेघ. डावीकडे 'वाडा, भाडे', उजवीकडे 'कोथरूड, प्लॉट'.

"बाबांचं," काका म्हणाले. "वाड्याला महिना बावीस रुपये. सत्तेचाळीसच्या कायद्याने भाडं जवळजवळ गोठलेलं, मालक हात चोळत बसायचा. कोथरूडला तेव्हा शेतं. हे बघ, कचेरीपर्यंत सायकलच्या टायरची झीजसुद्धा धरली आहे. मैलामागे."

"मग?"

"हिशोब सांगतो भाड्यानेच राहा. राहिलो. आई जाईपर्यंत नळावर नंबर लावत होती." त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "मी सात वेळा तपासलाय. चूक सापडत नाही."

पलीकडच्या पानावर त्यांचा ताजा हिशोब होता. बॅटरीसकट विंडसर १३ लाख ५० हजार. फरक ३ लाख ५१ हजार, भागिले साडेतीन. भाडं महाग पडायला लाखभर किलोमीटर व्हायला हवेत. वर्षाला सहा हजार धरले तर काका तेव्हा एक्याऐंशीचे.

"म्हणजे बॅटरी भाड्यानेच," मी म्हणालो.

"हिशोब तेच सांगतो," काका म्हणाले, आणि खिशातून पेन्सिल काढून तिला टोक करू लागले.