किती फूट?

आषाढ लागला की कोल्हापुरात "जेवलास काय?" हा प्रश्न मागं पडतो आणि "किती फूट?" पुढं येतो. कशाचे फूट, हे कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. सकाळी सहाला विचारणारा साडेसहाला परत विचारतो. तेवढ्यानं भागत नाही म्हणून मंडळी छत्र्या घेऊन शिवाजी पुलाकडं निघतात आणि नदीनं आवतण धाडल्यागत "पाणी बघायला चाललोय" म्हणून सांगतात.

माझा भाचा कॉम्प्युटरमधला. तो म्हणाला, "मामा, ह्याला आमच्यात पोलिंग म्हणतात. काही घडो न घडो, दर मिनिटाला जाऊन विचारायचं. त्यापेक्षा वेबहुक लावावा."

म्हणजे काय, तर घटना जिथं घडते तिथं आपला एक पत्ता देऊन ठेवायचा. पैसे जमा झाले, कुणी फॉर्म भरला, की तिकडूनच त्या पत्त्यावर वेब-विनंती येते. ती आली की पुढची कामं आपोआप सुटतात: पावती बनते, नोंद होते, मेसेज जातो. जेफ लिंडसे नावाच्या प्रोग्रामरनं 2007 साली याचं वेबहुक असं बारसं केलं.

"2007?" मी म्हणालो. "भावा, आमच्या राधानगरी धरणात हे केव्हाचं चालू आहे!" शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला आलं की दार आपलं आपण उघडतं. साहेबाची सही नको, शिपायाची किल्ली नको. एका दारातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि त्यामागोमाग पुढची कामंही सुटतात: काठावरची जनावरं वर निघतात, मोटारी उचलल्या जातात, पुण्याहून मेव्हण्याचा फोन येतो.

भाचा इरेला पेटला. त्यानं आमच्या तालमीच्या गणपतीच्या वर्गणीला वेबहुक लावला. वर्गणी जमा झाली की पावती आणि ग्रुपवर जाहीर आभार. पहिल्याच दिवशी एका काकांनी 101 रुपये दिले आणि त्यांचे आभार तीनदा मानले गेले. झालं असं, की भाच्याची यंत्रणा आधी सगळी कामं उरकायची आणि मग "पोचलं" म्हणून 200 हा आकडा कळवायची. तोवर वाट बघून पलीकडच्याला वाटायचं, निरोप पोचलाच नाही. तो पुन्हा पाठवायचा. खजिनदारानं तिन्ही मांडले, काका आश्रयदाते झाले आणि आरतीचा मान मागू लागले.

दुसऱ्या दिवशी एक लाखाचे आभार झळकले. खात्यात छदाम नाही. शेजारच्या तालमीतल्या पोरांना पत्ता सापडला होता. दाराला कडीच नव्हती, त्यांनी हात घातला.

तेव्हा वेबहुक लावणाऱ्यांनो, तीन गोष्टी करा. आलेल्या निरोपावरची गुप्त सही तपासा. "पोचलं" आधी कळवा, कामं मग करा. प्रत्येक निरोपाचा नंबर लिहून ठेवा, म्हणजे तोच परत आला तर सोडून देता येतो. राधानगरीला यातलं काहीच लागत नाही, कारण खोटं पाणी पाठवणं अजून शेजारच्या तालमीलाही जमलेलं नाही.