दोनच्या पाळीआधी पोचा

बोम्मसंद्र्यात धड जेवण मिळत नाही, असं कुणी म्हणालं की मी एकच विचारतो. तुम्ही किती वाजता गेला होतात?

उत्तर ठरलेलं असतं. रविवारी, संध्याकाळी, होसूरहून परत येताना. भूक लागली, महामार्गालगत गाडी थांबवली, समोर दिसलं तिथे शिरलो. पनीरची भाजी आणि वातड रोटी खाल्ली, साडेसहाशे रुपये दिले आणि गावावर शिक्का मारून मोकळे झालो.

हा शिक्का मला मान्य नाही. बोम्मसंद्रा ही बंगळुरूच्या टोकाची औद्योगिक वसाहत आहे. इथल्या कितीतरी कारखान्यांत तीन पाळ्या चालतात: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. इथली चूलही त्याच भोंग्यावर पेटते आणि विझते. रविवारी संध्याकाळी इथे जेवण शोधणं म्हणजे बाजार उठल्यावर भाजी आणायला निघणं. खानावळ ज्यांच्यासाठी उघडली, त्यांच्या वेळेला जाऊन, त्यांच्या बाकावर बसून जेवा. मग बोला.

लांब पडतं, ही सबबही आता उरली नाही. १० ऑगस्ट २०२५ ला नम्म मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, सोळा स्थानकं, सुमारे १९ किलोमीटर. सुरुवातीला तीनच गाड्या होत्या, पंचवीस मिनिटांनी एक यायची. तरी सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत वर्षानुवर्षं तिष्ठलेल्या लोकांनी ती पहिल्या दिवसापासून भरून टाकली. या मार्गावरचं दुसरंच स्थानक रागीगुड्डा. रागी म्हणजे आपली नाचणी, गुड्डा म्हणजे टेकडी. नाचणीच्या टेकडीवरून निघालेला माणूस शेवटच्या स्थानकावर उतरून पिझ्झा शोधतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंगळुरूच्या चांगल्या हॉटेलांची यादी कुणालाही विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. १९२४ चं एमटीआर, गांधी बझारातलं १९४३ चं विद्यार्थी भवन, मल्लेश्वरमचं सीटीआर, शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार. मोठी नावं आहेत, त्यांचा मान मोठा आहे, रांगेत उभं राहून मीही तिथला डोसा खाल्ला आहे. पण यादी जयनगर ओलांडत नाही. उपनगरांना चव नसते म्हणून? रविवारी पहाटे चार वाजता होसकोट्याला जाऊन बघा. दम बिर्याणीसाठी शहरातून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते, अंधारात. मैसूरच्या वाटेवरच्या बिडदीने ताटलीएवढ्या तट्टे इडलीवर नाव कमावलं. बोम्मसंद्र्यावर मात्र अजून कुणी मिनिटभर वाद घातलेला नाही. आणि ज्या गावाच्या जेवणावर वाद होत नाही, ते जेवण कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

वाद घालण्यात आपण मराठी माणसं मागे नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आसपासची आम्ही काही कुटुंबं अधूनमधून एकत्र जेवतो. गेल्या वेळी मिसळीवर अडीच तास गेले. कोल्हापूरची की पुण्याची, फरसाण वरून की खालून, पाव की ब्रेड. ऐन भरात एकजण म्हणाले, ''काय उपयोग? इथे आपलं काही मिळतच नाही.''

तिथे मला राहवलं नाही.

आपलं म्हणजे नेमकं काय? बंगळुरूत उत्तर कर्नाटकी जेवणाच्या जागांवर पाटी असते ती 'खानावळी' अशी. कन्नड लिपीत, पण शब्द आपलाच. आत जा. ज्वारीची भाकरी, तिला ते जोळद रोट्टी म्हणतात. एण्णेगायी, म्हणजे भरलेलं वांगं. शेंगा चटणी, म्हणजे सोलापूरकर ज्यावर जीव टाकतात ती. आणि झुणका, त्याला तर कानडीतही झुणकाच म्हणतात. पाटी वाचता येत नाही म्हणून आपण दारावरून पुढे जातो आणि घरी येऊन 'आपलं काही मिळत नाही' म्हणून उसासे टाकतो.

थंडीत या भागात अवरेकाळू येतो. हा आपला वालाचाच गोतावळा. दाणे भिजवून, चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचे, त्यांचं नाव हितकिद बेळे, आणि त्यांचं पातळ सारु करायचं. ज्या घरात बिरड्यासाठी वाल सोलत रात्र जागवली आहे, त्या घरातल्या बाईला हे पहिल्या घासाला कळतं. माझ्या आईला इथल्या एका खानावळीत कळलं. तिने भाषा न येता आत जाऊन त्या खानावळीतल्या बाईंचा अंगठा आणि बोटं बघितली, आपली दाखवली, आणि दोघी हसल्या.

मिलिटरी हॉटेलांचंही तेच. बंगळुरूत मांसाहारी जेवणाच्या जुन्या जागांना हे नाव आहे, आणि ही परंपरा इथे स्थायिक झालेल्या मराठा शिपायांशी जोडली जाते. जयनगरच्या एका नामांकित जागेचं नावच शिवाजी मिलिटरी हॉटेल. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांची जहागीर झालं. त्यांचे चिरंजीव व्यंकोजी यांचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात आहे. इतका जुना पायरव असलेल्या शहरात आपण परक्यासारखे का वागतो? इथली दोन्ने बिर्याणी घ्या. दोन्ने म्हणजे द्रोण. बारीक दाण्याचा जिरगा सांबा तांदूळ, पुदिना-कोथिंबिरीचा हिरवा मसाला, पानांच्या द्रोणात भरलेली. हैदराबादीशी तिची तुलना करू नका, लखनवीशी तर मुळीच नको. तिला तिच्या द्रोणात खा.

पण बोम्मसंद्र्याचा खरा मानकरी मुद्दे, म्हणजे रागीच्या पिठाचा गोळा.

आनेकल तालुक्याचा हा सगळा पट्टा मुळात रागीच्या शेतांचा. देशात नाचणी सर्वांत जास्त पिकवतं ते कर्नाटक, आणि कारखाने येण्याआधी इथला माणूस तिच्यावरच उभा होता. उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्याने जोर लावून घोटतात, गुठळी राहू देत नाहीत, मग ओल्या हाताने चेंडूएवढा गोळा वळतात. तो ताटात येतो तेव्हा वाफ निघत असते. आपली चूक इथेच होते: आपण तो भाकरीसारखा चावायला जातो, दाताला चिकटतो, आणि 'चव नाही' म्हणून ताट सरकवतो. मुद्दे चावायचा नसतो. बोटांनी तुकडा तोडा, किंचित गोल करा, सारूत बुडवा, आणि गिळा. चव सारूची, मुद्दे पोटाला आधार द्यायला. सारु पालेभाजीचं, म्हणजे सोप्पु सारु, किंवा बस्सारु, म्हणजे भाजी-डाळ शिजवून तिचं पाणी गाळून त्या पाण्याला वाटणाची फोडणी. मांसाहारी असाल तर नाटी कोळी, गावठी कोंबडी. आठ तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे जेवण पुढच्या भोंग्यापर्यंत नेतं. आम्ही खुर्चीत बसणारे लोक अर्ध्या गोळ्यातच थकतो.

मुद्दे वाढणाऱ्या या जागांचं जेवण शंभराच्या आत बसतं आणि तरी चांगलं राहतं. याचं कारण साधं आहे. पदार्थ मोजके: एक सारु, एक पल्य म्हणजे सुकी भाजी, भात, मुद्दे, ताक. काल उरलेलं आज खपवायला जागाच नाही, कारण उरत नाही. गिऱ्हाईक तेच, रोजचं, महिन्याचा हिशेब ठेवणारं. एक दिवस डाळ पाणचट झाली तर दुसऱ्या दिवशी वीसजण शेजारच्या दारात दिसतात. मोबाइलवर तारे देतो तो सवडीने जेवलेला माणूस. ज्याची पाळी सुटून घरची बस दहा मिनिटांत निघणार आहे, तो तारे देत नाही. तो उद्या पुन्हा येतो किंवा येत नाही. मी त्याचं मत धरतो.

स्वच्छतेचा मुद्दा आमच्या बैठकीत निघाला आणि तो योग्य आहे. माझंही पोट एकदा एका जागी बिघडलं. पण त्यासाठी काचेचं दार आणि वातानुकूलन बघून उपयोग नाही. पिण्याचं पाणी कुठून येतं ते बघा, ताटं वाहत्या पाण्यात धुतात का ते बघा, भात कधी लावला ते विचारा. विचारल्यावर राग येत असेल तर उठा. माझ्या अनुभवात छोट्या जागी राग येत नाही, उलट मागच्या बाजूला नेऊन दाखवतात.

बोम्मसंद्र्याला आणखी एक स्वयंपाकघर आहे आणि त्याबद्दल बोलताना माझा आवाज खाली येतो. डॉ. देवी शेट्टी यांचं नारायण हृदयालय हे रुग्णालय इथलं. बंगळुरूला येण्याआधी शेट्टींनी कोलकात्यात हृदयशस्त्रक्रिया केल्या, आणि तिथला विश्वास रुग्णांच्या पाठोपाठ इथवर आला. पश्चिम बंगाल, ईशान्य भारत, बांगलादेश इथून माणसं येतात, भाड्याच्या खोल्या घेतात, आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणून होसूर रस्त्यालगत, कन्नडच्या मुलखात, बांगला अक्षरांतल्या पाट्या दिसतात आणि आत डाळ, भात, मासळी मिळते. तिथे जेवणाऱ्यांपैकी निम्म्यांचं लक्ष ताटात नसतं. कुणाचं मूल आत असतं, कुणाचा बाप. तिखट कमी करून द्या, तेल टाकू नका, डबा बांधून द्या, असल्या विनंत्या तिथे दिवसभर चालतात आणि काउंटरवरचा माणूस त्या ऐकतो. तिथल्या माशाच्या कालवणात मोहरी जास्त होती की कमी, यावर मी मत देणार नाही. घरापासून दोन हजार किलोमीटरवर काळजीत असलेल्या बाईला तिच्या चवीचा भात मिळतो. माझ्या लेखी ती बोम्मसंद्र्यातली सर्वांत चांगली जागा.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितो, त्याला कारण मुंबई आहे.

गिरणगावात हे आपण पाहिलं. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे, आणि त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. कामगाराचा पगार महिन्याने, किराणा रोज, म्हणून त्या सावकाराच्या व्याजात पिचत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकांची कर्जं मिळवून दिली. सात वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि जेवणारेच पांगले. गिरण्यांच्या जागी काय आलं ते लोअर परळला जाऊन बघा. फिनिक्स मिलमध्ये मॉल आहे, कमला मिलच्या आवारात महागडी हॉटेलं आहेत, त्यांच्या याद्या निघतात, त्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. पण १९७० साली डिलाइल रोडला कुणाच्या हातची मच्छी चांगली होती? कुठल्या खानावळीत पाहुण्याला जास्तीची भाकरी मिळायची? हजारो माणसं वर्षानुवर्षं तिथे जेवली आणि बायांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. एका पिढीची चव आपण अशी घालवली.

बोम्मसंद्र्यात मेट्रो पोचली आहे. मेट्रोमागून भाडेवाढ येते, भाडेवाढीमागून साखळी दुकानं. ज्या गाळ्यात आज मुद्दे घोटतात, तिथे पाच वर्षांनी काय असेल याची मला भीती वाटते. ती खोटी ठरावी. पण तोवर हातात आहे ते करायला हवं.

म्हणून वाद घाला, जोरात घाला, पण नेमका घाला. 'चांगलं आहे' एवढंच सांगू नका. कुठला पदार्थ, कुठल्या वारी, किती वाजता, किती रुपयांना, आणि स्वयंपाक कोण करतं, हे सांगा. ''बाई म्हैसूरकडच्या आहेत, गुरुवारी सोप्पु सारु करतात, पावणेदोनला संपतं,'' असं कुणी म्हणालं की ऐकणारा जाऊन ताडून बघू शकतो. मग भांडू शकतो. निघताना मालकाला नाव विचारा आणि घरी येऊन वहीत लिहा.

येत्या मंगळवारी सुट्टी टाका. आर. व्ही. रोडला गाडी पकडा, शेवटच्या स्थानकावर उतरा, हमरस्ता सोडून आत कारखान्यांच्या फाटकांकडे चाला. दीडपर्यंत बाकावर बसलेले असा. दोनला पाळी सुटते, आणि त्यानंतर मुद्दे उरत नाही.