अधिक सी

माझी पहिली तक्रार उत्तराच्या शेवटी येणाऱ्या सी या अक्षराबद्दल, म्हणजे इंटिग्रेशनच्या स्थिरांकाबद्दल, आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-टूमध्ये, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात, डिफरन्शियल इक्वेशन्स सुरू झाली आणि हा सी वाटेल तसा वागू लागला. एका गणितात तो सी, पुढच्यात लॉग सी, त्याच्या पुढच्यात टॅन इन्व्हर्स सी. का, तर उत्तर सुटसुटीत दिसावं म्हणून. पण उत्तर कसं दिसणार हे ते आल्यावरच कळतं, मग सीचं रूप आधी कशावरून ठरवायचं? मी साधा सी घेतलेला असायचा आणि पुस्तकानं लॉग सी. दोन्ही उत्तरं एकच आहेत हे स्वतःला पटवण्यात संध्याकाळ जायची.

वास्तविक या विषयात पुस्तकाचं मागचं पान लागतच नाही. आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिलं की ते बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळतं. इंटिग्रेशन कितीही अवघड असो, ताळा डिफरन्सिएशननं होतो आणि ते सगळ्यांना येतं. विद्यार्थ्याला इतकी मोठी सोय गणितात फार ठिकाणी मिळत नाही. आमच्या वर्गात ती कुणी सांगितली नाही. आम्ही वापरायचो त्या सोडवलेल्या उदाहरणांच्या पुस्तकांतही ताळा करून दाखवलेला मला आठवत नाही.

या सीच्या भरवशावर राहिलं तर उत्तरं हरवतातसुद्धा. डीवाय बाय डीएक्स बरोबर वायचा वर्ग, असं समीकरण घ्या. वायचा वर्ग पलीकडे नेऊन भागायचं आणि दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करायचं, ही पहिल्या आठवड्यातली रीत. पण भागताना वाय शून्य नाही असं आपण गृहीत धरलेलं असतं. वाय कायम शून्य हेही या समीकरणाचं खरं उत्तर आहे, आणि शेवटच्या सूत्रात सीची कुठलीही किंमत घातली तरी ते परत मिळत नाही. लोकसंख्येच्या समीकरणात शून्य म्हणजे तो प्राणी तिथे नाही, साथीच्या समीकरणात शून्य म्हणजे गावात रोग नाही. ही उत्तरं किरकोळ म्हणून गाळण्यासारखी नाहीत. फळ्यावर एक ओळ जास्त लिहिली असती तर पुरलं असतं.

मग येतात इंटिग्रेटिंग फॅक्टरचे पाच नियम. एकात वन अपॉन एमएक्स प्लस एनवाय, दुसऱ्यात वन अपॉन एमएक्स मायनस एनवाय. कुठे प्लस आणि कुठे मायनस हे आदल्या रात्री पाठ करायचं आणि पेपर झाला की विसरायचं. रेषीय समीकरणाचा आयएफ मी यात धरत नाही. तो खऱ्या कामाचा आहे आणि तो का चालतो हे दोन ओळींत समजावता येतं. माझा राग बाकीच्यांवर आहे. त्या नियमांची गणितं कुठल्या यंत्रातून, विजेच्या मंडलातून किंवा नदीच्या प्रवाहातून आलेली नसतात. आधी उत्तर ठरवून त्यावरून समीकरण उलटं रचलेलं असतं, म्हणजे पाचांपैकी एक नियम लागावाच. जान-कार्लो रोटा हे एमआयटीत हा विषय शिकवणारे नामवंत गणिती होते. १९९७ साली त्यांनी एका व्याख्यानात हीच तक्रार केली होती, की शंभर वर्षांपूर्वी महत्त्वाचे वाटलेले हे प्रकार केवळ सवयीनं अभ्यासक्रमात राहिले आहेत. त्याच व्याख्यानात त्यांनी शाब्दिक उदाहरणंही काढून टाकायला सांगितली आहेत. ते मला पटत नाही. शाब्दिक उदाहरणं हवीतच. फक्त हवा ३० अंश आणि वस्तू १०० वरून १५ मिनिटांत ७० अंशांवर निवते, हे एकच उदाहरण पिढ्यानपिढ्या नको. ती वस्तू कसली आहे हे पुस्तक सांगत नाही.

सगळ्यात जास्त मन दुखावलं ते पीआयच्या, म्हणजे पर्टिक्युलर इंटिग्रलच्या, प्रकरणात. डी स्क्वेअर अधिक चार, उजवीकडे साइन टू एक्स. नियम असा, की डी स्क्वेअरच्या जागी उणे चार घाला. घातलं की छेद शून्य. याला पुस्तकं केस ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्यावर तोडगा देतात: बाहेर एक्सनं गुणा, छेदाचं डिफरन्सिएशन करा, पुढे चला. उत्तर येतं, उणे एक्स बाय चार, कॉस टू एक्स. मार्क मिळतात.

इथे घडलं काय, ते कुणीतरी थांबून सांगायला हवं होतं. एक स्प्रिंग आहे, तिची स्वतःची एक लय आहे, आणि आपण बाहेरून नेमक्या त्याच लयीत तिला ढकलतो आहोत. झोपाळ्याला योग्य क्षणी झोका देत राहिलं की तो उंच चढतो, तसं. बाहेर आलेला तो एक्स म्हणजे काळाबरोबर वाढत जाणारं आंदोलन. हाच रेझोनन्स. घर्षण अजिबात नसेल तर ही वाढ थांबतच नाही. अख्ख्या प्रकरणात इंजिनिअरनं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट निवडायची तर मी हीच निवडेन, आणि आम्हाला ती नियम मोडल्यावरची पळवाट म्हणून मिळाली.

कुठे रेझोनन्सचं नाव निघालंच, तर उदाहरण म्हणून अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा पूल येतो. तो ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यानं पिळवटून कोसळला. पण तिथे वारा पुलाच्या लयीत बाहेरून धक्के देत नव्हता. पुलाच्या स्वतःच्या हालचालीमुळेच त्याच्यावरचा वाऱ्याचा जोर बदलत होता आणि तो जोर हालचाल आणखी वाढवत होता. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये पाठ्यपुस्तकांची ही चूक तपशिलात दाखवली. समीकरणाच्या भाषेत सांगायचं तर आंदोलन शमवणारी संज्ञा उणे झाली आणि ऑक्झिलरी इक्वेशनच्या मुळांचा वास्तव भाग धन झाला. म्हणजे उत्तर याच धड्यात होतं, सीएफच्या, म्हणजे कॉम्प्लिमेंटरी फंक्शनच्या, पानावर. आम्ही ती मुळं शेकड्यांनी काढली. वास्तव भागाचं चिन्ह पाहायला आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट लपवली जाते. डीवाय बाय डीएक्स बरोबर एक्स स्क्वेअर प्लस वाय स्क्वेअर हे दिसायला सोपं समीकरण. परिचयाची फलनं आणि त्यांची इंटिग्रलं वापरून त्याचं उत्तर लिहिताच येत नाही, हे लिऊव्हिल यांनी १८४१ मध्ये सिद्ध केलं. बहुतेक समीकरणांची गत हीच असते. त्यासाठीच ऑयलरनं छोट्या छोट्या पावलांनी उत्तराजवळ जाण्याची रीत १७६८ मध्ये छापली होती. आम्हाला ती वेगळ्या युनिटमध्ये, आधीच्या कशाशीही संबंध न जोडता शिकवली गेली.

मुंबई-पुण्यातल्या वर्गांबद्दल माझी खास तक्रार आहे. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये साथीच्या रोगांची समीकरणं मांडली. २०२० मध्ये कोविडच्या काळात जी तीन समीकरणं जगभर वापरली गेली, त्यांचं मूळ तिथे आहे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. आपलं गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहायला त्या दोघांनी वापरलेले आकडे मुंबई बेटावरचे आहेत: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. मूळ समीकरण नेमकं सुटेना म्हणून त्यांनी एका घातांकी पदाचे पहिले काही तुकडे घेतले, आणि जे उरलं ते साधं व्हेरिएबल सेपरेबल होतं, पहिल्या युनिटमधलं. त्यातून निघालेला वक्र आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंवर शिखर गाठतो आणि उतरतो. आकड्यांचे ठिपके त्याच्या बरेच जवळ पडतात.

हे गणित वर्गात एका तासात होतं. शिवाय ते होऊन संपत नाही. प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो, आणि माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची छाया आहे, हे त्या दोघांनी स्वतः नोंदवलं होतं. मग लागण होण्याचा दर डिसेंबरपासून जुलैपर्यंत तोच कसा राहील? मार्च सरून उकाडा वाढला की पिसवांचं काय होतं? समीकरणात उंदरांसाठी वेगळं चल घेतलं तर एकूण समीकरणं किती होतील? अशा प्रश्नांवर वर्गात भांडण व्हायला हवं होतं. मुंबईच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या मृत्यूंचे ते आकडे द्या, आलेखाचा कागद द्या, आणि ती नाव नसलेली, १०० अंशांवरून निवत बसलेली वस्तू पुस्तकातून काढून टाका.