नव्वद नंबरचं तेल

मलकापूरकडून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. घाटात गाडीचा वेग पडतो आणि एरवी वाऱ्यात विरून जाणारे तिचे सगळे आवाज एकेक करून कानावर यायला लागतात. सीटखालचा पाना, सैल झालेली नंबरप्लेट, डिकीतलं किल्ल्यांचं जुडगं. या सगळ्यांवर ताण करते ती चेन. पत्र्याच्या कव्हराच्या आतून तिची खडखड अशी काही चालू असते की मागे बसलेल्यालाही कळतं, या गाडीच्या मालकानं दिवाळीपासून तेलाची बाटली हातात धरलेली नाही. मालकाला तेवढं कळत नाही. त्याला ती खडखड रोज थोडी थोडी वाढत आलेली असल्यामुळे तो गाडीचा मूळचाच आवाज वाटतो.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. सोयरीक जुळवताना, पाऊस विचारताना, कापसाचा भाव सांगताना आधी हे ठरवून घ्यावं लागतं. चेनच्या बाबतीतही तसंच. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती. पावसाळ्यात तिचा गारा होतो आणि तो मडगार्डात असा ठासून बसतो की मागचं चाक फिरायचं थांबतं. मग माणूस पऱ्हाटीची एक काडी घेऊन रस्त्याच्या कडेला चाक कोरत बसतो. उन्हाळ्यात त्याच मातीची भुकटी होऊन तेलकट चेनवर थर धरते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडे खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गाडी धुऊन तशीच उभी केली तर सकाळी चेनवर तांबूस झाक आलेली असते. घाटावर पाणी बरं, पण चढउतार फार, मुरूम फार, आणि चढावर तिघांना ओढणाऱ्या चेनचे हाल घाटाखालच्यांना सांगून कळायचे नाहीत. दोन्हीकडच्या लोकांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे: तेल देण्याचं काम मिस्त्रीचं.

गोम अशी की आपल्याकडच्या साध्या गाड्यांची चेन दिसतच नाही. धुळीपासून ती वाचावी, मागे एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर तिच्यात जाऊ नये, म्हणून तिला पूर्ण बंद कव्हर असतं. योजना उत्तम. पण जे दिसत नाही ते गाडीला नाहीच, अशी आपली धारणा होते. या कव्हराला एक भोक असतं, त्याला रबरी बूच. ते बूच काढायचं, आत बोट किंवा स्क्रूड्रायव्हर घालून चेन वर-खाली करून बघायची. बहुतेक छोट्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल चालते. त्याहून जास्त असेल तर ढिली, कमी असेल तर ताठ, आणि ताठ चेन ढिलीपेक्षा वाईट, कारण ती बेअरिंगही खाते. जुन्या गाड्यांना हे बूच बहुधा नसतंच. कुठे पडलं ते कुणालाच आठवत नाही. मग पावसाचं पाणी, धूळ, एखादा भुंगासुद्धा त्या भोकातून थेट आत जातो. सगळ्यांची सोय झालेली असते, फक्त तेलाची नाही.

‘चेन ताणली’ असं सगळेच म्हणतात, पण लोखंड काही ताणलेलं नसतं. आज सायकलला आणि मोटारसायकलला जी चेन असते तिचा मूळ आराखडा १८८० सालचा, मँचेस्टरमध्ये कारखाना चालवणाऱ्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाचा. बाजूच्या पट्ट्या, मधे पिन, पिनीवर बुश, बुशवर मोकळा फिरणारा रोलर. पाच वर्षांनी इंग्लंडमध्येच रोव्हर सायकल आली, मागच्या चाकाला चेन लावलेली, आणि आजची सायकल जवळजवळ तयार झाली. तेव्हापासून चेनमध्ये फरक पडला तो बारीकसारीक. सायकलच्या आणि बहुतेक छोट्या मोटारसायकलच्या चेनचं एका पिनीपासून दुसऱ्या पिनीपर्यंतचं अंतर अजून अर्धा इंचच आहे. आता त्या पिनीची आणि बुशची झीज धरा. एका सांध्यात दशांश मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारी. पण चेनला शंभराच्या आसपास कड्या. सगळ्यांची झीज मिळून एक सेंटिमीटर भरतो. तो सेंटिमीटर मग राजूर घाटात वाजतो. लांबलेली चेन दात्यांच्या मापात बसत नाही, ती दात्यांच्या टोकाकडे सरकते, दाते आकडेबाज होतात, आणि मिस्त्री चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चाक अशा तिन्ही वस्तू टेबलावर मांडून चेन-सॉकेटचा पूर्ण सेट टाकायला सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, नुसती चेन बदला की. नवी चेन जुन्या दात्यांवर टाकली तर महिन्या-दोन महिन्यांत तीही जुनी होते, हे मिस्त्री समजावून सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि नुसती चेनच बदलून घेतं.

म्हणजे तेल हवं ते पिन आणि बुश यांच्या मधल्या, कागद जाईल न जाईल एवढ्या फटीत. आपण देतो कुठे? वरून, पट्ट्यांवर. डोक्याला तेल लावताना केस चपचपीत करून मुळं कोरडी ठेवावीत तसं. पट्ट्यांवरचं तेल काहीच काम करत नाही, ते फक्त चमकतं आणि धूळ बोलावतं. धूळ आणि तेल मिळून जी काळी लापशी होते तिच्यात वाळूचे कण असतात, आणि ती हळूहळू आत उतरून चेनला आतूनच घासत राहते. तेल न देणारा आणि तेलानं न्हाऊ घालणारा, दोघेही त्याच मिस्त्रीकडे साधारण एकाच सुमारास पोहोचतात.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी सायकलच्या चेन प्रयोगशाळेत फिरवून पाहिल्या. पायडलवर घातलेल्या शक्तीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती चाकाकडे पोहोचते, असं त्यांना आढळलं. एवढी काटकसर आपल्या घरात कुणालाच जमत नाही. दुसरा निष्कर्ष आणखी गमतीचा: स्वच्छ चेनच्या बाबतीत तेल असलं काय, नसलं काय, त्या आकड्यात फारसा फरक पडत नव्हता. तेलाचं मुख्य काम जागा अडवून ठेवायची, म्हणजे घाण आत शिरत नाही, असा त्यांचा कयास होता. प्रयोगशाळेत अर्थातच नांदुऱ्याची माती नव्हती.

तेल कोणतं, यावर मात्र आमच्याकडे मतं उदंड. हाताशी आहे ते तेल, हा पहिला पंथ. घरात खोबरेल असतं, ते देतात. बुलढाण्याची डिसेंबरातली थंडी पडली की बाटलीतलं गोठतं तसं चेनवरचंही गोठतं. कुणी शेतातल्या जवसाचं तेल देतो. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणूनच ते लाकडाला आणि रंगात चालतं; चेनला दिलं की कड्या आखडून बसतात. शिलाई मशीनचं तेल पातळ, स्वच्छ, वासालाही बरं. ते लगेच आत उतरतं आणि तितक्याच लगेच बाहेर उडतं. शिवाय ती बाटली घरातल्या बाईची असते आणि तिची पातळी तिच्या लक्षात असते. सर्वांत मोठा पंथ जळक्या ऑइलचा. इंजिनातून काढलेलं काळं तेल फुकट मिळतं, गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक ते नेतातच, उरलेलं चेनला. त्यात इंजिनाची काजळी आणि झिजलेल्या लोखंडाचा कीस असतो, ते सगळं चेनच्या वाट्याला येतं.

चिखली रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रीचा या सगळ्याला एकच उतारा आहे: नव्वद नंबरचं गियर ऑइल. एका गिऱ्हाईकानं अभिमानानं सांगितलं, मी तर करडईचं देतो, शुद्ध, घाण्याचं. मिस्त्री मान वर न करता म्हणाला, “राजेहो, ते भाजीले ठेवा. चेनले काहून देता? ते काय जेवते काय?”

तसं पाहिलं तर आमचे आजे या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणे. बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लटकत असायचं. लांबच्या बाजाराला निघायचं तर चाक काढून आखाला एरंडेलाचं वंगण लागल्याशिवाय गाडी जुंपली जात नसे. कुरकुरणारी गाडी घेऊन गावात शिरणं हा कमीपणा होता. एरंडेल सहजी वाळत नाही, उष्णतेला टिकतं. विलायतेत वेकफिल्ड कंपनीनं १९०९ साली आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ नाव दिलं तेसुद्धा त्यात एरंडेल होतं म्हणून. आज घरातल्या पोराला विचारा, तो कॅस्ट्रॉल ओळखतो, एरंडेल ओळखत नाही, आणि चेनला दोन्ही देत नाही.

देण्याची रीत अगदी सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, इंजिन बंद, न्यूट्रल. डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं काळी लापशी काढायची. पूर्वी यासाठी रॉकेल असे, पण रेशनच्या रॉकेलचे दिवस गेले. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मधे रबराची कडी असते, आतलं ग्रीस जपणारी. तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. मग मागचं चाक हातानं उलटं फिरवत चेनच्या खालच्या पदरावर, आतल्या बाजूनं, रोलर आणि पट्टीच्या फटीत थेंब थेंब तेल. रात्रभर गाडी उभी, सकाळी कापडानं वरचं सगळं पुसून काढायचं. हे पुसणं लोकांना पटत नाही. पैशाचं तेल घातलं आणि पुसून टाकायचं? दर पाचशे-सहाशे किलोमीटरला एवढं केलं तरी भागतं. इंजिन चालू ठेवून, पहिला गियर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारेही आहेत. वेळ वाचतो म्हणतात. फडकं चेनमध्ये गेलं की बोटंही जातात, आणि बोटांचा सेट मिळत नाही. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही.

सायकलचं काम त्याहून सोपं. सीट आणि हँडलवर उलटी केली की झालं. मानव विकास कार्यक्रमातून शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या, त्या मुली हे बापापेक्षा चांगलं करतात. चेन पडली तर एक मुलगी मागचं चाक उचलून धरते, दुसरी काडीनं चेन खालून दात्यावर चढवते, पायडल उलटं फिरवते, आणि बाकीच्या जणी बाजूला उभ्या राहून सूचना करतात. मग काळे झालेले हात रस्त्याकडेची कोरडी माती चोळून साफ करायचे, उरलेलं गवतावर. चेनचं वाटोळं करणारी तीच माती हाताला मात्र साबणापेक्षा बरी चालते.

खरा आपत्काळ येतो तो सणाला. गुरुवारी शेगावला जायचं म्हणून बुधवारी गाडी धुतात, ते एक वेळ ठीक. पण दसऱ्याला सगळा जिल्हा एकाच दिवशी गाड्या धुतो. वॉशिंग सेंटरवर रांगा. प्रेशरच्या पाण्याची धार कव्हराच्या भोकातून आत, जे काही तेल उरलं असेल ते बाहेर. वरून साबणाचा फेस. त्यानंतर हळदकुंकू, नारळ, हँडलला झेंडूची माळ, आणि हौशी माणूस असेल तर एक माळ मागे कॅरियरलाही. बैलाचं बरं असतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे लोणी-हळदीनं मळले जातात. जिथे जू बसतं तिथेच. मोटारसायकलला कुंकू लागतं हेडलाइटवर.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मिस्त्रीचा उपास असतो आणि दुकानासमोर गर्दी. मागची माळ रात्रीच कुठेतरी सैल होऊन चाकात गेलेली असते, तिचा दोरा कव्हराच्या कडेनं आत ओढला जाऊन पुढच्या छोट्या सॉकेटला गच्च गुंडाळलेला असतो. मिस्त्री कव्हर उघडतो, पक्कडीनं दोरा ओढतो. तुटतो, पुन्हा धरतो. आतून चिरडलेल्या पाकळ्या निघतात, धुतलेली कोरडी चेन निघते. मालक शेजारी उभा राहून दोऱ्याला दोष देत असतो. दोरा काढायचे पैसे मिस्त्री घेत नाही, सणाचं म्हणतो. तेलाचे घेतो, आणि तेल घालू का म्हणून विचारत नाही.