माईंची हयात

माई डोंबिवलीत असतात, चिंचवडला असतात, सांगलीच्या गावभागात तर गल्लीगणिक असतात. इथे ज्या माईंची आठवण निघाली आहे, त्या अशा अनेक जणींना एकत्र मळून झाल्या आहेत. तेव्हा आडनाव विचारू नये.

नवरा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. तो होता तोवर कुठल्याही अर्जात माईंच्या नावापुढे व्यवसाय ‘गृहिणी’ आणि उत्पन्न ‘निरंक’. पहाटे पाण्याच्या नळापासून रात्री विरजण लावेपर्यंतचा सगळा दिवस त्या ‘निरंक’मध्ये बसवलेला. जनगणनेने तर गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘अनुत्पादक’ गटात टाकलं होतं. एका मोटार अपघाताच्या भरपाईचा खटला ऐकताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावरून कडक शब्दांत सुनावलं. नातवाने ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा माई भाजी निवडत होत्या. “कैद्यांना दोन वेळचं आयतं ताट मिळतं रे,” एवढंच म्हणाल्या आणि गवारीची शीर ओढली.

नवरा गेला आणि माई सरकारदरबारी पहिल्यांदा दिसू लागल्या. कुटुंब निवृत्तिवेतन, स्वतःच्या नावाचं पासबुक, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ‘मी जिवंत आहे’ हे लिहून द्यायचं, तेही जिवंतपणी काउंटरसमोर उभं राहून. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर करायची सोय झाली आणि माईंची हयात आणखी अवघड झाली. यंत्र ठसा घेईना. “आजी, रेघाच उमटत नाहीत,” क्लार्क म्हणाला. “राखेने भांडी घासली, मग पावडरीने घासली. त्या पितळेच्या पातेल्यावर बघा, तिथे असतील.” रांग हसली. क्लार्कने पुन्हा एकेक बोट पुसून लावून पाहिलं. शेवटी डाव्या करंगळीने माई जिवंत असल्याची साक्ष दिली.

घरात हळदीकुंकू असलं की वाण माई ठरवायच्या. प्लास्टिकचा डबा नको, स्टीलची वाटी घ्या, पण जाड बुडाची. दूध त्यांनीच आटवायचं, हरभरे त्यांनीच भिजवायचे. बायका जमल्या की मात्र त्या स्वयंपाकघरात. कोणी त्यांना बस म्हणत नसे आणि ऊठही म्हणत नसे, ही या प्रथेची खरी हुशारी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. सुनेने उत्साहाने हळदकुंकू पुढे केलं. माईंनी कपाळ पुढे केलं, डोळे मिटले, आणि डोळे मिटूनच म्हणाल्या, “दूध उतू जातंय.”

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. माईंची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला वाटली तीच. खऱ्या तारखेबद्दल एवढंच ठाऊक, की त्या वर्षी गावच्या नदीला मोठा पूर आला होता. आधार कार्डाने गुरुजींचा शब्द मानला आणि माई सुटल्या. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे गाणगापूरला पुढचे पैसे पडायचे. “दत्तमहाराज कर्नाटकात राहायला गेले, त्याला मी काय करू,” म्हणत त्या कंडक्टरकडून उरलेले दोन रुपये मागून घ्यायच्या. जन्मभर ‘ह्यांना विचारते’ म्हणणारी बाई आता विचारायची ते फक्त गाडी कितीची आहे एवढंच. याला वैधव्याचा फायदा म्हणणं वाईट दिसतं. पण तो होता.

पैशांच्या बाबतीत त्यांचा बँकेवर अर्धाच विश्वास. उरलेला अर्धा साबुदाण्याच्या डब्यात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा घराघरांतून डाळी-तांदळात दडवलेला पैसा बाहेर आला आणि कर्त्या पुरुषांना बायकोची खरी ऐपत कळली. माईंनीही डबे उपडे केले. सगळे केले, असं सांगितलं.

त्या गेल्यावर तेराव्याच्या तयारीत सुनेने फळीवरचा मागचा डबा काढला. पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात जुन्या पाचशेच्या अकरा नोटा. कोणाच्या तरी मुंजीसाठी, नाहीतर बारशासाठी मोजून ठेवलेल्या असाव्यात. माई दहा कधी देत नसत. धाकट्या मुलाने मोबाइलवर २०१७ चा कायदा शोधला: अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवल्या तर दंड. सगळे अकराव्या नोटेकडे बघत बसले.

“ती राहू दे,” मुलगी म्हणाली, “आधी हिंगाचा डबा बघ.”